रिकाम्या थैलीची जकात

ये, अशी जवळ बस. उंबऱ्यावरूनच "काकू, बरं आहे ना?" म्हणायचं आणि पायातली चप्पलही न काढता पळायचं, ही कुठली गं पद्धत? चहा होईस्तोवर तरी टेक. खाली जिन्यापाशी अडवलं ना तुला एका म्हाताऱ्यानं? अडवलंच असणार. पिशवीतली दोन बोरं कमी झाली असतील. त्याचं काही मनाला लावून घेऊ नकोस. ती जकात होती. कुणाची, कशाची, ते सांगते. पण मध्ये मोबाइल बघायचा नाही.

सुरतेतल्या आमच्या या उधन्याच्या सोसायटीत जिन्याच्या तोंडाशी एक लोखंडी खुर्ची आहे. सकाळी भाजीच्या वेळेला तिच्यावर सुकलालआप्पा बसतात. पांढरा लेंगा, अर्ध्या बाह्यांचा सदरा, खिशाला पेन. आपण बाजारातून आलो की ते हातातली काठी आडवी करतात आणि विचारतात, "थैलीमा काय शे?"

पिशवीत काय आहे, एवढंच. अहिराणी आहे ती. आप्पांचा जन्म खानदेशातला, तापीकाठचा. पन्नासेक वर्षं सुरतेत काढली, मराठी, गुजराती, हिंदी सगळं फडाफडा येतं, पण नाक्यावरचा प्रश्न कायम अहिराणीतच.

मग पिशवी उघडून दाखवायची. पापडी असेल तर दोन शेंगा. मिरच्या असतील तर एक. थंडीत पोंक, म्हणजे इथला हुरडा, आणला तर चिमूटभर, आणि त्यावरची शेव वेगळी चिमूटभर, कारण शेव म्हणजे तयार माल. औषधाला माफी. शाळेच्या पुस्तकांना माफी. आणि रिकाम्या थैलीला जकातच नाही. तिच्याकडे ते बघतही नाहीत, काठी उचलून हातानंच "चला, चला" करतात. वसुली झाली की डाव्या तळव्यावर उजवी मूठ आपटायची, शिक्का मारल्यासारखी, आणि म्हणायचं, "पास!"

पहिल्या मजल्यावरच्या कोकिळाबेन नव्या राहायला आल्या तेव्हा घाबरल्या होत्या. मला म्हणाल्या, "आ काका मरचुं केम ले छे?" मी म्हटलं, बेन, मिरची द्या आणि वर या, उगाच वाद घालू नका. एकदा त्यांना घाई होती. म्हणाल्या, "आप्पा, आजे तो छोडो!" आप्पा म्हणाले, "बेन, तुम्हाला सोडलं तर काल ज्यांनी दिलं त्यांना मी काय तोंड दाखवू?" बेननी मिरची काढून दिली. स्वतः बाजारातून आले तरी ते खुर्चीसमोर उभे राहायचे, आपल्याच थैलीतल्या दोन शेंगा काढून सदऱ्याच्या खिशात टाकायचे, मूठ आपटायचे, मग घरात जायचे. मी डोळ्यांनी पाहिलंय.

त्या शेंगा, मिरच्या, वांगी ते काही खात नसत. दर आठवड्याला सगळ्याची एक भाजी व्हायची. नाव "पालिकेची भाजी". चव दर वेळी वेगळी. एकदा तिच्यात बोरंही निघाली. मग ती वाटीवाटीनं प्रत्येक घरी जायची, ती माणसं मोजून. कोकिळाबेनच्या घरात सात जण म्हणून त्यांना मोठं पातेलं, आम्ही दोघंच म्हणून आमची आमटीची वाटी. मी एकदा म्हटलं, आप्पा, मी तर रोज भाजी आणते, रोज जकात भरते, मग मला एवढंच? ते म्हणाले, "ताई, भरणं ऐपतीनं, घेणं गरजेनं. उलटं केलं की संघराज्य मोडतं."

मी चौथीपर्यंत शिकलेली. किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचून वाचायला शिकले ती. मला संघराज्य कुठून कळायला? पण आप्पांनी ते वांग्यामिरच्यांत समजावलं, हे खरं.

आप्पा जकात नाक्यावर कारकून होते. शहरात येणाऱ्या मालावर पालिका कर घ्यायची ना, तो नाका. धुळ्याकडून येणाऱ्या रस्त्यावर त्यांची बदली झाली आणि पुढं कितीही वेळा बदलीचा हुकूम निघाला तरी ते काहीतरी करून तिथंच राहिले. केळीचे ट्रक, कापसाच्या गाठी, मिरचीची पोती, सगळं त्यांच्या समोरून जायचं. ड्रायव्हर त्यांना नावानं ओळखायचे. मोसंब्याच्या गाडीवरचा कुणी त्यांना मोसंबं देऊ लागला की आधी त्याची जकात वेगळी लावायचे, मग ते मोसंबं टेबलावर ठेवून सगळ्या स्टाफला फोड फोड वाटायचे. अशा माणसाला बढती मिळत नाही. मिळालीही नाही.

पुढं सरकारनं जकात बंद केली. वाहनं अडतात, वेळ जातो, हिशेब किचकट, सगळं खरं होतं. व्यापाऱ्यांनी पेढे वाटले. त्याच्या बदल्यात राज्य सरकार पालिकेला अनुदान देणार असं ठरलं. आप्पांना घरपट्टीच्या टेबलावर बसवलं, आणि तिथूनच ते निवृत्त झाले. त्यानंतर पुन्हा काही वर्षांनी सगळ्या देशाचा मिळून एक कर आला, तेव्हा राज्यांच्या हद्दीवरचे नाकेही उठले. राज्यांनी आपले कर सोडले, केंद्रानं सांगितलं, तोटा झाला तर काही वर्षं आम्ही भरून देऊ. आप्पा पेपरमधली ती बातमी घेऊन वर आले होते.

"बघा ताई. आधी पालिका राज्याच्या दारात, आता राज्य केंद्राच्या दारात. जो तो वरच्या दाराकडे बघत उभा."

"पैसे मिळतात ना पण?" मी विचारलं.

"मिळतात की. उशिरा, पण मिळतात."

"मग अडचण काय आहे?"

त्यांनी पेपरची घडी केली, पुन्हा उघडली, पुन्हा केली. "नाही, अडचण काही नाही," म्हणाले आणि खाली गेले.

खुर्ची जिन्याशी आली ती त्यांची बायको, सुमनताई, गेल्यावर. तोवर घरचा कारभार त्या बघायच्या. त्यांच्यामागं आप्पा घरात एकटे. मुलं तीन. थोरला भरत पांडेसऱ्याला एका कापड रंगवायच्या मिलमध्ये रंगमास्तर; बोटं कधी निळी, कधी गुलाबी. धाकटा जितू बँकेत, नदीपलीकडं अडाजणला फ्लॅट. मुलगी लता बारडोलीला शाळेत शिकवते. सुमनताईंच्या वर्षश्राद्धाला तिघं जमले तेव्हा आप्पांनी जाहीर केलं की आजपासून हे घर संघराज्य आहे. आपण केंद्र, मुलं तीन राज्यं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रत्येक राज्यानं आपल्या कमाईचा ठरावीक हिस्सा केंद्राकडे आणायचा. रोख, आणि स्वतः. केंद्र त्याचं वाटप करील.

"तुमची पेन्शन पुरत नाही का आप्पा?" जितूनं विचारलं.

"केंद्राच्या गरजेचा प्रश्नच नाही. समतोलाचा प्रश्न आहे."

मुलांनी ते म्हाताऱ्याचं खूळ म्हणून मान्य केलं. पण खूळ चाललं गं, चांगलं चाललं. पहिल्या रविवारी खालच्या घरात शेवभाजीचा ठसका सुटायचा, आमच्या गॅलरीपर्यंत शिंका. तीनही राज्यं पैसे आणायची, केंद्र ते ताटात ठेवायचं आणि सगळे जेवत असताना वाटप सुरू व्हायचं. भरतच्या घरी गळकं छत, त्याला इतकं. लताच्या नवऱ्याची नोकरी सुटली तेव्हा तिला वर्षभर "विशेष दर्जा". जितूला नवी मोठी गाडी हप्त्यावर घ्यायची होती, तर केंद्राची मंजुरी लागली आणि ती मिळायला दोन रविवार गेले. आप्पा स्वतःला एक पैसा ठेवत नसत. फक्त चहावर एक लहानसा उपकर होता. तो वाटपात येत नसे.

"आप्पा, उपकरातला वाटा आम्हाला का नाही?" भरतची बायको मंगला विचारायची.

"उपकर वाटायचा नसतो. म्हणूनच तर तो काढला."

"म्हणजे दिल्लीसारखंच!"

"मग? शिकलो कुणाकडून?"

भांडणंही व्हायची. मोठं भांडण झालं ते माणसं मोजण्यावरून. भरतला एकच मुलगी, आर्या. जितूला तीन मुलं. वाटप डोकी मोजून, म्हणजे भरत भरणार बरोबरीनं आणि नेणार कमी. मंगला ताट सारून म्हणाली, "आम्ही एकावर थांबलो तो आमचा गुन्हा झाला का? देशानं सांगितलं म्हणून थांबलो. आता ज्यांनी ऐकलं नाही त्यांना जास्त!"

जितूची बायको म्हणाली, "वहिनी, माझी मुलं काय हवेवर जगतात का?"

दोघींचंही खरं. दाक्षिणात्य राज्यं असंच म्हणतात आणि उत्तरेची तसंच म्हणतात, असं आप्पांनी मला नंतर समजावलं; तेव्हा ते बरेच खूश दिसत होते. आपल्या घरात एवढं खरंखुरं भांडण झालं याचंच त्यांना अप्रूप. त्यावर त्यांनी वित्त आयोग नेमला. दर पाच वर्षांनी देशात नेमतात ना, कुणाला किती द्यायचं ते ठरवायला, तसा. अध्यक्ष मी.

"मला आकडेमोड येत नाही आप्पा."

"आकडे मला येतात. तुमचं कुणाकडून घेणं नाही, कुणाला देणं नाही. शिवाय तुमच्यासमोर सगळे आवाज खाली ठेवतात." मग बोट वर करून म्हणाले, "एक ध्यानात ठेवा. आयोग करतो ती शिफारस असते. हुकूम नसतो. मानायची की नाही ते ज्याचं त्यानं बघायचं."

मी सांगितलं, आर्या एकुलती एक म्हणून तिला दीड माणूस धरा. तेवढ्यावर ते मिटलं. आर्या स्वतःला कितीतरी दिवस दीड माणूस म्हणवून घेत होती.

मग जितूनं सुधारणा आणली. बँकेतला माणूस, त्याला ताटातले पैसे बघून कसंतरी व्हायचं. एका रविवारी त्यानं आप्पांच्याच मोबाइलवर सगळं बसवून दिलं. तीनही घरांतून एक तारखेला पैसे आपोआप केंद्राच्या खात्यात, आणि तिथून ठरलेलं वाटप आपोआप परत. म्हणाला, "बघा आप्पा, एक घर, एक खातं. कुणी रांगेत उभं राहायला नको, सुट्टे शोधायला नकोत. लताताईला बारडोलीहून बसचे धक्के खात यायला नको. भरतदादाला रविवारचा ओव्हरटाइम बुडवायला नको."

भरत म्हणाला, "सोयीचं आहे." लता म्हणाली, "आप्पांना जमणार असेल तर." सगळे माझ्याकडे बघू लागले. मी म्हटलं, मला तर बरंच वाटतंय हे. वाटत होतंच.

आप्पा मोबाइल उलटासुलटा करून बघत होते. म्हणाले, "जगाच्या विरुद्ध केंद्र तरी किती दिवस जाणार?"

एक तारखेला मोबाइल तीनदा टिंग करायचा. पैसे चोख. एक महिना सगळे सवयीनं आलेही. पुढच्या महिन्यात लता आली नाही, पेपर तपासायचे होते. मग भरतला ओव्हरटाइम. मग जितूच्या मुलांचा क्लास. कुणी ठरवून काही केलं नाही. कुणाचं काही चुकलंही नाही. पहिल्या रविवारचा ठसका बंद झाला. माझ्या ह्यांनी एकदा विचारलं, "हल्ली शिंका नाही येत गं?" तेव्हा माझ्या लक्षात आलं.

खालचा नाका मात्र कडक झाला. आधी फक्त भाजीला असलेली जकात आता किराण्याला लागली. गॅसच्या सिलिंडरवाल्याला थांबवून त्याच्या गावाचं नाव विचारायचे. कुरियरवाला खोका घेऊन आला तर त्यालाही, "थैलीमा काय शे?" तो म्हणायचा, "काका, मने शुं खबर? बंद छे!" आप्पा खोका हलवून बघायचे, कानाला लावायचे आणि खिन्न होऊन सोडायचे. बंद खोक्याची जकात काढता येत नाही. सोसायटीत कुरबूर सुरू झाली. खुर्ची हलवावी असं दोघातिघांनी सेक्रेटरीला सांगितलं. मी म्हटलं, आखाजी होऊ द्या.

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. आमच्या खानदेशात तिचा मान दिवाळीहून मोठा. सासरच्या मुली माहेरी येतात, झोके बांधतात. त्या दिवशी न येऊन कुणाचं चालणार? लता आदल्या दिवशीच आली. भरत, जितू, सुना, मुलं सगळी जमली. मंगलानं खापरावरची पुरणपोळी केली होती, जोडीला आमरस. मी आयोग म्हणून जेवायला. दुसरी वाटी भरायच्या आत आप्पांनी काठी जमिनीवर आपटली.

"परिषद सुरू. केंद्राला नुकसानभरपाई पाहिजे."

जितू हसला. "कसली भरपाई आप्पा?"

"नवा कर आला तेव्हा राज्यांना भरपाई मिळाली. इथं केंद्राचं उत्पन्न बुडालं. मग केंद्राला मिळाली पाहिजे."

जितूनं खिशातून मोबाइल काढला, चष्मा कपाळावर सरकवला आणि प्रत्येक महिना मोठ्यानं वाचून दाखवला. जरा चढत्या आवाजात, कारण मोठ्या भावासमोर आपलं यंत्र चोख ठरत होतं. "भरतदादा, पूर्ण. लताताई, पूर्ण. मी, पूर्ण. एक रुपया कमी नाही. आता सांगा, नुकसान किती?"

आप्पा आमरसाच्या वाटीत बोट बुडवून ताटाच्या कडेला रेघ काढत बसले. मंगलानं विषय बदलायला पोळी पुढं केली, ती त्यांनी हातानं थांबवली.

"जकात उठली तेव्हा पालिकेलाही पैसे पूर्ण आले," ते म्हणाले. "एक रुपया कमी नाही. साहेब म्हणाले, सुकलाल, तुझं तोंड का उतरलंय? मी काय सांगू? साहेब, धुळ्याची गाडी माझ्या टेबलासमोर थांबायची. पावती फाडेस्तोवर ड्रायव्हर बोलायचा. पाऊस झाला का, कुणाच्या पोरीचं लग्न ठरलं, कुणाची विहीर आटली. माझी आई पडल्याची बातमी मला केळीच्या गाडीवाल्यानं दिली, तारेच्या आधी. ती मेथीची जुडी पाठवायची त्यांच्याचबरोबर. मी तिची जकात भरायचो." त्यांनी बोटाचा रस ताटाला पुसला. "जकात पालिकेची होती. बातमी माझी होती. गाड्या आता येतात, आपल्या समोरून येतात, मोठ्या मोठ्या. थांबत नाहीत."

लता उठून आत पाणी आणायला गेली आणि बराच वेळ आली नाही.

जितूनं मोबाइल खिशात ठेवला. पुटपुटला, "फोनवर बोलतो की आपण आप्पा."

"बोलतो. तू गाडी चालवताना बोलतोस." मग जरा नेहमीच्या आवाजात म्हणाले, "अरे, तापीमाईलेबी उकाईना धरणपाशी थांबणं पडस. तुम्ही काय तिच्याहून मोठे?"

आर्या फिसकन हसली, मग सगळेच हसले. मंगला माझ्याकडे वळून म्हणाली, "काकू, आता आयोगानं सांगावं." मी कधी नव्हे ते अध्यक्षासारखी ताठ बसले आणि सांगितलं: पैसे आहेत तसे आपोआप जाऊ द्यात, लताच्या पाठीला आराम. पण भरपाई रोखीत नाही, वस्तूत. पहिल्या रविवारी प्रत्येक राज्यानं नाक्यावर हजर व्हायचं. रकमेशिवाय.

"शिफारस आहे," आप्पा घाईनं म्हणाले. "हुकूम नाही."

पुढच्या पहिल्या रविवारी मी गॅलरीत पापडी निवडत बसले होते. खरं सांगायचं तर बघत बसले होते. आप्पांनी सदरा इस्त्रीचा घातला होता. कोकिळाबेनची भेंडी झाली, वरच्या मजल्यावरचा दुधी झाला. उन्हं पायरीवरून खाली उतरली. खालच्या घरातून फोडणीचा वास नाही. कुणासाठी करायची ते ठरलं नसावं.

मग फाटकाशी जितू दिसला. गाडी कोपऱ्यावर लावून चालत आला होता, एकटाच. बायको-मुलं क्लासच्या भानगडीत असावीत. हातात कापडी पिशवी. घरातून निघताना सवयीनं उचललेली, नाहीतर नाक्यावरून जायचं म्हणजे हातात काहीतरी हवं म्हणून घेतलेली, देव जाणे. खुर्चीसमोर येऊन शाळेतल्या मुलासारखा उभा राहिला. काठी आडवी झाली.

"थैलीमा काय शे?"

जितूनं पिशवी उघडली, तिच्यात डोकावलं, आणि ओशाळून म्हणाला, "काहीच नाही हो आप्पा. रिकामी आहे."

मी गॅलरीच्या कठड्यावरून पुढं वाकले. कारण नियम मला पाठ होता, आणि जितूलाही. इतक्या वर्षांत आप्पांनी रिकाम्या थैलीला एकदाही अडवलेलं नव्हतं. जितूनं जिन्याकडे पाऊल टाकलंसुद्धा.

काठी उचलली गेली नाही. आप्पांनी ती पिशवी त्याच्या हातातून घेतली, उलटी करून झटकली, नीट घडी घातली आणि मांडीवर ठेवली. मग खुर्चीवरून सरकून पहिल्या पायरीवर बसले आणि शेजारची जागा हातानं झाडली.

"रिकामी गाडीबी थांबाले जोयजे," ते म्हणाले. "बठ."

मग काय बोलले मला ऐकू आलं नाही. पापडी मात्र माझी केव्हाच निवडून झालेली होती आणि ते दोघे अजून पायरीवरच होते. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वळसा घालावा लागत होता. त्या दिवशी दुपारी कुणाकडूनच जकात वसूल झाली नाही.

आता कसं चाललंय म्हणशील तर सरकारी कामासारखंच. कधी तिन्ही राज्यं हजर, कधी एक, कधी नुसती थकबाकी. आप्पा म्हणतात, भरपाई अशीच येते, उशिरा आणि हप्त्याहप्त्यानं. खुर्ची जिथं होती तिथंच आहे. सेक्रेटरीनंच तिचा मोडका पाय जोडून दिला.

चहा गार झाला बघ तुझा. आणि जाताना जिन्यात पळू नकोस, ते हाक मारतील. पुन्हा ये गं, लवकर ये. पहिल्या रविवारी आलीस तर शेवभाजी खाऊन जा. काही आणायला हवं असं नाही. रिकामी थैली घेऊन आलीस तरी आता इथं तुला थांबवतील.